जुन्या पुण्याचं चित्र छापताना खालची पट्टी कापू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या पुण्याचं एक चित्र छापून आलं होतं, अर्धं पान भरून, नदी, काठावर देवळं, मागे टेकडी. घरात सगळ्यांनी बघितलं, नातवानेही बघितलं. पण खाली ओळ काय तर 'जुन्या पुण्याचे दुर्मिळ चित्र'. एवढंच. कोणी काढलं, कोणत्या साली, कुठे उभं राहून, हाताने रंगवलेलं आहे का छापील, छापील असेल तर कोरलं कोणी, काही म्हणजे काही नाही. मग व्हायचं तेच झालं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते 'पेशवेकालीन पुणे, १७५०' म्हणून फिरायला लागलं आणि परत फिरून आलं तेव्हा डावं-उजवं उलटं होऊन आलं, टेकडी नदीच्या भलत्याच अंगाला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मला हे मनापासून खटकतं म्हणून लिहितोय. ही चित्रं आपण शोभेची वस्तू म्हणून बघतो. हॉटेलच्या भिंतीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, बिल्डरच्या ब्रोशरवर, 'हेरिटेज टच' म्हणून. खरं तर ती गावाची कागदपत्रं आहेत आणि मोडी कागद जसा आपण तारीख, शिक्का, हस्ताक्षर बघून मग वाचतो तशीच ती वाचायला पाहिजेत.

माझं आयुष्य छपाईत गेलं. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बाजूला ब्लॉकमेकरकडे, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे करणाऱ्याकडे लागलो, जस्ताचा पत्रा, त्यावर नायट्रिक अ‍ॅसिड, लाइन ब्लॉक, हाफटोन ब्लॉक, मग ऑफसेट आलं आणि ते दुकान बंदच झालं. त्यामुळे असं काही समोर आलं की मी आधी भिंग काढतो. भिंगाखाली जर चार रंगांचे बारीक ठिपके दिसले तर समजायचं की ही अलीकडची ऑफसेट कॉपी आहे, कितीही पिवळट कागदावर काढलेली असू दे. जुन्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकातलं पान असेल तर नुसत्या रेघा दिसतात, काळ्या-पांढऱ्या, ठिपका एकही नाही, कारण ते लाकडावर कोरलेलं असतं. बॉक्सवुड नावाचं फार घट्ट लाकूड, त्याचा आडवा काप घेतात, पण ते झाड असतं लहान म्हणून मोठा ठोकळा मिळत नाही, मग छोटे छोटे ठोकळे स्क्रूने एकमेकांना जोडायचे. काम अर्जंट असलं की तेच ठोकळे सोडवून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, एक जण आभाळ कोरतोय, दुसरा माणसं कोरतोय, तिसरा देवळाचा कळस, आणि रात्रीतून परत जोडून छापायला. त्या जोडाची केसाएवढी पांढरी रेघ पानाच्या मधोमध, कधी आडवी कधी उभी, नीट बघितलं की सापडते. मला ती रेघ सापडली की फार आनंद होतो. कारण तिथे कळतं की हे एका माणसाने डोळ्यांनी बघितलेलं नाही, चार जणांच्या हातातून आलंय, आणि ज्याने आभाळ कोरलं त्याने बहुतेक पुणं कधी बघितलेलंच नसणार.

पुण्याची त्याच्याही आधीची जी छापील चित्रं आहेत ती साधारण अ‍ॅक्वाटिंटची. त्यात तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून अ‍ॅसिडने खायला लावतात म्हणून भिंगाखाली रेघेऐवजी बारीक रवाळ जाळी दिसते, आणि रंग असेल तर तो बहुतेक छापल्यावर हाताने भरलेला. म्हणजे एकाच प्लेटच्या दोन प्रतींत आभाळ वेगळं असू शकतं, एका प्रतीत संध्याकाळ, दुसऱ्या प्रतीत लख्ख दुपार. तेव्हा त्यातल्या रंगावरून 'तेव्हा वाडे अशा रंगाचे होते' असं कोणी लिहिलं की मला काळजी वाटते.

आता मुख्य मुद्दा. जी माहिती तुम्ही छापली नाहीत ती त्या चित्रावरच असते! इंग्लंडमध्ये १७३५ साली कायदा झाला, होगार्थ नावाच्या चित्रकाराने आणि त्याच्यासारख्यांनी मागे लागून करून घेतलेला, की छापील चित्राला हक्काचं संरक्षण हवं असेल तर प्लेटवर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव कोरलेलं पाहिजे. तेव्हापासून चित्राच्या खालच्या समासात बारीक अक्षरात ओळ असते, सहसा डाव्या कोपऱ्यात ज्याने मूळ चित्र काढलं त्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात ज्याने कोरलं त्याचं, मधे प्रकाशक, पत्ता, तारीख. आणि आपण काय करतो, फ्रेमवाला माउंट म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा लावताना ती पट्टी झाकतो, आणि पेपरवाले पानात बसावं म्हणून ती पट्टी कापतात. उत्तर कापून टाकायचं आणि मग खाली लिहायचं 'दुर्मिळ'.

साल माहीत असलं की चित्र कसं बदलतं याचं पुण्यातलंच उदाहरण देतो. हेन्री सॉल्ट नावाचा इंग्रज, लॉर्ड व्हॅलेन्शिया बरोबर सेक्रेटरी आणि चित्रकार म्हणून हिंडत होता, हाच पुढे इजिप्तमध्ये इंग्रजांचा कॉन्सल जनरल झाला. ही मंडळी १८०४ मध्ये पुण्याला आली. त्याने काढलेलं पुण्याचं चित्र १८०९ मध्ये लंडनला चोवीस चित्रांच्या संचात छापलं गेलं, सेंट हेलेना, केप, सिलोन, अ‍ॅबिसिनिया, इजिप्त यांच्या जोडीला आपलं पुणं. छान निसर्गचित्र म्हणून ते बघता येतं आणि तसंच बघितलं जातं. पण १८०४ म्हणजे काय साल होतं? ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पळून गेला, शहर लुटलं गेलं, मुलूख उजाड झाला, त्यात पाऊस गेला आणि १८०३-०४ चा भयानक दुष्काळ पडला, पुण्यात माणसं रस्त्यावर मरत होती. त्या पुण्यात बसून हे चित्र काढलंय. आता परत बघा. चित्रात काय आहे यापेक्षा काय नाहीये हे विचारावंसं वाटतं, चित्रकाराने काय गाळलं, कोरणाऱ्याने लंडनला काय सुंदर केलं. हा प्रश्न साल छापल्याशिवाय वाचकाच्या मनात येणारच नाही.

दुसरं उदाहरण तर सगळ्यांनी कधी ना कधी बघितलेलं आहे, शनिवारवाड्यातला दरबार. सवाई माधवराव गादीवर, जवळ नाना फडणवीस, इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धचा तह करतोय, साल १७९०, तेव्हा पेशव्यांचं वय सोळा. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, सगळीकडे हे वापरतात आणि जणू फोटोच काढलाय असं समजून बोलतात. मूळ तैलचित्र थॉमस डॅनिएलचं, १८०५ मधलं, आणि ते दूर इंग्लंडमध्ये केलेलं. तो त्या दरबारात नव्हताच. त्याने वापरली जेम्स वेल्सची रेखाटनं. हा वेल्स स्कॉटिश चित्रकार, त्याने पुण्यात राहून पेशव्यांची, नानांची, महादजींची चित्रं केली, पण तो मुंबईला उतरला १७९१ मध्ये म्हणजे तह झाल्यानंतर, आणि १७९५ मध्ये वारला पण. मग डॅनिएलच्या चित्रावरून मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर छायाप्रकाश उतरवून काढलेलं छापील चित्र, छापलं गेलं. म्हणजे प्रसंग १७९०, रेखाटनं त्यानंतरची, रंगचित्र १८०५, छापील प्रत त्यानंतरची. बसण्याचा क्रम, कोण कुठे, हे सगळं रचलेलं असू शकतं. पण म्हणून चित्र खोटं का? अजिबात नाही. चेहरे वेल्सने प्रत्यक्ष बघून काढलेत. आणि शनिवारवाड्याच्या आतलं सगळं १८२८ च्या आगीत गेलं, आज आपल्याला जोती आणि कारंजी सोडून काय दिसतं, त्यामुळे आतल्या महालाचे खांब, महिरपी, बैठक, लोक कसे बसायचे, अंगरखा पगडी कशी, हे बघायला अशी फार थोडी चित्रं आहेत. कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही हे कोणी, कधी, कशावरून हे कळल्यावरच ठरवता येतं.

आणि ह्यात आपला माणूस पण आहे हो! गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. वेल्स आणि मॅलेट ह्यांच्यासाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार. त्याने वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला १७९० मध्ये, पर्वतीचं चित्र काढलं. ही छापील नाहीत, हाताने केलेली आहेत, आणि आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि तिथून कोणालाही घरबसल्या मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड करता येतात. मी केली. गेंडा कॉम्प्युटरवर मोठा करून बघत बसलो कितीतरी वेळ. पुण्यातल्या किती शाळांमध्ये गंगारामचं नाव सांगतात?

तांबट म्हटलं की कसबा पेठेतली तांबट आळी, तिथला ठोक्यांचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची कल्पना पुण्यात नाना फडणवीसांच्या वेळेलाच आली होती, मॅलेटच्या सांगण्यावरून एका तांबटाला त्यात तयार केलं आणि नानांनी गीता कोरायचं काम काढलं. नाना १८०० मध्ये गेले, काम अर्धवट राहिलं, मग तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ मध्ये तिथे ती गीता छापली गेली. विचार करा, पत्रा होता, हात होता, चित्रं काढणारा गंगाराम होता, आणखी दहा-वीस वर्षं शांततेची मिळाली असती तर पुण्याच्या पेठांची, बाजाराची, घाटांची चित्रं पुण्यातच कोरली गेली असती, पुणेकराच्या नजरेने. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि काका जोशी ह्यांनी चित्रशाळा काढली, शिळाछापावर देवादिकांची, नाना फडणवीसांसारख्यांची चित्रं घरोघर पोचली, फार मोठं काम. पण गावातला रस्ता, पाणी भरणारी माणसं, भाजीवाल्या, ह्यासाठी आपल्याला परक्या माणसाच्याच चित्राकडे जावं लागतं. म्हणून तर ते जास्त काळजीपूर्वक वाचायला पाहिजे.

चूक असलेलं चित्र सुद्धा किती कामाचं असतं बघा. व्हेन्सेस्लास हॉलर नावाच्या कोरणाऱ्याने लंडनचं लांबच्या लांब दृश्य केलं, १६४७ मध्ये छापलं, थेम्सच्या दक्षिण काठावरच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दिसणारं. त्यात ग्लोब थिएटर आणि अस्वलांच्या झुंजीचा आखाडा ह्यांची नावं एकमेकांच्या जागी पडली आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांचं ग्लोब ज्या जागी होतं तिथेच पुन्हा बांधलेलं ते दुसरं ग्लोब, चित्र छापलं तेव्हा ते बंद पडून पाच वर्षं झाली होती. अभ्यासकांनी इतर कागदांशी ताडून नावांची अदलाबदल पकडली, आणि मग तेच चित्र त्या इमारतीच्या आकाराचा सगळ्यात भरवशाचा पुरावा ठरलं. १६६६ मध्ये लंडन जळालं, तेव्हा आगीच्या आधीचं शहर कसं होतं त्यासाठी लोक हॉलरकडेच जातात. हॉलरच्या चित्राच्या साधारण तीस वर्षं आधी फिशर नावाच्या डच माणसाने लंडन कोरलं, पुलाच्या दरवाजावर भाल्यांना टोचलेली मुंडकी सुद्धा दाखवलीत, पण तो स्वतः लंडनला गेला होता असा पुरावाच नाही. दोन्ही चित्रं वापरतात, पण दोन्हींना एकाच वजनाने नाही. तिकडे शहराच्या एकेका चित्रावर माणसं आयुष्य घालवतात आणि इकडे आपण साल पण विचारत नाही.

पुण्याच्या चित्राचं साल समासात नसलं, पट्टी कापलेली असली, तरी आतल्या खुणांवरून पुष्कळ काढता येतं आणि हे काम कोणीही पुणेकर करू शकतो. पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ दिसलं की १७४९ नंतरचं. संगमाजवळ बंगले असतील तर बारकाईने बघा, तिथली रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज रेसिडेंटचं ठाणं, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईच्या दिवशी जळाली, तेव्हा तीच धड उभी दिसली तर चित्र त्याच्या आधीचं. बंडगार्डनचा बंधारा दिसला तर १८५० नंतरचं. आगगाडी किंवा रूळ दिसले तर १८५८ नंतरचं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर भाजीबाजार भरलेला दिसला तर साधारण १८८६ च्या आधीचं, कारण त्या साली रे मार्केट म्हणजे आपली आजची फुले मंडई उघडली आणि बाजार तिकडे हलला. आणि लकडी पूल, ओंकारेश्वर, पर्वती ही तीन एकमेकांच्या कुठल्या हाताला येतात ते तपासा, पत्र्यावर कोरलेलं छापताना उलटं उमटतं, कोरणाऱ्याने आधी उलटून घेतलं नसेल तर चित्र आरशातल्यासारखं होतं, आणि हल्ली मोबाईलवर एका बोटाने होतं. 'पेशवेकालीन १७५०' म्हणून फिरणारं चित्र ह्या खुणांपुढे एक मिनिट टिकत नाही.

मग महत्त्वाचं ते म्हणजे कडेला असलेली माणसं. मोठ्या इमारतीकडे सगळेच बघतात. चित्रकार तिथे माणसं घालतो ती कधी नुसती मोजमापासाठी आणि जागा भरायला, पण कधी बघितलेली पण असतात. पाणी कोण भरतंय, नदीवर का हौदावर? कात्रजहून नळ आणून शहरात हौद केले ते नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, म्हणजे तेव्हाच्या बायका नदीवरून हौदावर आल्या, हा केवढा बदल. घाटावर कपडे कोण धुतंय, जनावरं कुठून उतरतायत, पाणी काठाच्या किती पायऱ्या खाली आहे? नदीकाठ सुधारणेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प चालू आहे, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध रोज आपल्याच पेपरात येतं, पण खडकवासल्याचं धरण बांधण्याआधी ही नदी गावातून कशी वाहत होती आणि लोक तिच्यात कुठे कुठे उतरत होते त्याचे जे काही मोजके चित्रपुरावे आहेत ते ह्या चर्चेत कोणी टेबलावर ठेवलेले मी तरी वाचले नाहीत. ते ठेवले पाहिजेत. चित्र म्हणजे सर्व्हे नाही हे मान्य, पण काहीच न बघता बोलण्यापेक्षा बरं.

आणखी एक दुःखाची गोष्ट. ह्यातली बरीच चित्रं मूळ पुस्तकात बांधलेली होती. ग्रिंडले नावाच्या कंपनीच्या कॅप्टनने, हाच पुढे ज्याच्या नावाची बँक चालली तो, पश्चिम भारताच्या देखाव्यांचा मोठा संच १८२६ ते १८३० मध्ये काढला, त्यात आपल्या सासवडचं सुद्धा चित्र आहे. असं पुस्तक अख्खं विकण्यापेक्षा पानं सुटी करून फ्रेममध्ये विकली तर जास्त पैसे येतात, म्हणून जगभर ती कापली जातात. एका दुकानात मी डोळ्यांनी बघितलंय, पान ब्लेडने कापलेलं, शेजारचं माहितीचं पान टाकून दिलेलं, आणि समास फ्रेमच्या मापात आणायला खालून छाटलेला. त्या माहितीच्या पानावर चित्रकाराने स्वतः लिहिलेलं असतं की हे कुठून दिसतं. ते कचऱ्यात!

तर माझं मागणं असं आहे. आपल्या पेपरने जुन्या शहराचं चित्र छापताना खालची पट्टी कापू नये, आणि जागेसाठी कापावीच लागली तर त्यातली नावं, साल, आणि चित्र सध्या कोणत्या संग्रहात आहे ते मराठीत खाली द्यावं, दोन ओळींचं काम आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, केळकर संग्रहालय आहे, डेक्कन कॉलेज आहे, ह्यांच्याकडच्या आणि खासगी संग्रहातल्या छापील चित्रांची एक एकत्र यादी व्हावी, प्रत्येकाच्या समासासकट आणि मागच्या बाजूसकट स्कॅन करून सगळ्यांना बघता येईल अशी ठेवावी. महापालिकेने संगम, ओंकारेश्वराचा घाट, शनिवारवाड्याचं पटांगण अशा जागी, जिथून चित्र काढलं असावं त्याच जागी, त्या चित्राची मोठी प्रत लावावी, साल आणि चित्रकार घालून. शाळेच्या मुलांना तिथे उभं करून फक्त विचारा, ह्यातलं काय काय अजून आहे, बघा ती पोरं किती बोलतात.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी आजोबांच्या वेळची अशी एखादी फ्रेम असेल, पुण्याची, सासवडची, वाईची, कुठलीही, तर ती फ्रेमवाल्याकडे नवीन माउंटसाठी देताना समास कापू नका असं बजावून सांगा, जमलं तर समोर उभं राहून काम करून घ्या, आणि काच काढलेली असेल तेव्हा चारही कडा आणि पाठीमागची बाजू ह्यांचा उजेडात फोटो काढून ठेवा. मागे मजकूर छापलेला असेल तर तो पण पूर्ण घ्या, ते साप्ताहिकातलं पान आहे आणि त्या मजकुरातच बातमी असते. कोणाला ओळखता येत नसेल तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता आहे, भिंग घेऊन मी पुण्यात कुठेही येईन, पैसे नकोत.

आपला,
एक जुना ब्लॉकमेकर
नारायण पेठ, पुणे